उचलून नको

संगमनेरच्या दूध संघात फोन लावला की पलीकडून येणारा आवाज तालुक्यातल्या सगळ्या संकलन केंद्रांच्या ओळखीचा होता. टँकर आला नाही, दुधाचं फॅट मोजायचं मशीन बिघडलं, कूलर बंद पडला, काहीही झालं तरी लोक म्हणायचे, विजयमालाबाईंना लावा. त्या आवाजात घाई नसायची. समोरचा कितीही तापलेला असला तरी ती आधी त्याचं सगळं ऐकून घ्यायची आणि मग म्हणायची, "बरं, आता मी काय करते ते सांगते." एवढ्यानंच अर्धा राग उतरायचा. वाड्यावस्त्यांवरच्या त्या माणसांपैकी फार थोड्यांनी तिला पाहिलं होतं. ती व्हीलचेअरवर बसून हे सगळं करते, हे तर बहुतेकांना ठाऊकच नव्हतं.

विजयमाला मूळची पाथर्डी तालुक्यातली. आईवडील दरसाल दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे. ती नुकती चालायला लागली होती, तेव्हा कारखान्याच्या तळावरच्या उसाच्या पाचटानं शाकारलेल्या कोपीत तिला ताप भरला. ताप उतरला तेव्हा दोन्ही पाय लुळे पडले होते. पोलिओचा डोस देणारे लोक गावात येऊन गेले होते, पण तेव्हा हे घर गावात नव्हतं. तिची आई गोजरबाई हे पुढं कैक वर्षं ज्याला त्याला सांगत राहिली, जणू कुणी तिला त्याचा जाब विचारत होतं.

गोजरबाईनं तिला कडेवर वाढवली. फडात नेताना कडेवर, बाजाराला कडेवर, शाळेत सोडायला कडेवर. पोर मोठी होत गेली तसे पाय आईच्या गुडघ्यापर्यंत लोंबायला लागले, तरी कडेवरच. पुढं एका मास्तरांच्या ओळखीनं नगरला मिशनच्या वसतिगृहात जागा मिळाली आणि तिथं पायांना कॅलिपर आणि हाती कुबड्या आल्या. विजयमाला पहिल्यांदा स्वतःच्या उंचीवर उभी राहिली. बारावी झाली, टेलिफोन ऑपरेटरचा कोर्स झाला आणि संगमनेरला नोकरी लागली. लग्नाचा विषय घरच्यांनी एकदोनदा काढला आणि मग तो आपोआप मागे पडला. एका तळमजल्याच्या भाड्याच्या खोलीत तिनं वीसेक वर्षं सुखानं काढली. मागे दोन जादा चाकं लावलेली स्कूटी घेतली, तिच्यावर ती कामावर जायची, मंडईत जायची, नदीकडं फिरून यायची.

पन्नाशी जवळ आली तशा खांद्यांनी कुरकुर सुरू केली. इतकी वर्षं पायांचं काम त्यांनीच केलं होतं. डॉक्टर म्हणाले, आता कुबड्या सोडा, नाहीतर हातही जातील. म्हणून घडीची, स्कूटीला मागे बांधता येणारी व्हीलचेअर आली. आणि त्याच वर्षी घरमालकानं सांगितलं की जुनं घर पाडून तिथं इमारत बांधायची आहे.

मग घराचा शोध सुरू झाला. विजयमाला फोनवर बोलली की समोरच्याला घर देऊनच टाकावंसं वाटायचं. नोकरी पक्की, माणूस एकटं, बोलणं गोड. एका बाईंनी तर फोनवरच, केव्हा येताय राहायला, असं विचारलं. ती घर बघायला गेली, स्कूटीवरून खुर्चीत बसली, आणि बाई दारातच थबकल्या. म्हणाल्या, "अहो, आत्ताच भाच्याचा फोन आला. त्यालाच द्यावं लागणार बघा." दुसऱ्या एकानं स्पष्टच सांगितलं की फरशी नवी आहे, चाकांनी खराब होईल. तिसऱ्यानं फक्त हात जोडले. ते हात जोडणं तिला सगळ्यांत जास्त लागलं.

शेवटी मरिया सिस्टर भेटल्या. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. त्यांचे एका अपार्टमेंटमध्ये दुसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन फ्लॅट होते. एकात त्या राहायच्या, दुसरा मुलासाठी घेतला होता, पण मुलगा पुण्यालाच राहिला. त्यांनी विजयमालाला बघितलं, खुर्ची बघितली आणि विचारलं, "बाथरूमचं दार अरुंद आहे. सुतार बोलावू का?"

घर तिथंच ठरलं.

अडचण एकच होती. इमारतीला लिफ्ट होती, पण लिफ्टपर्यंत पोचायला पार्किंगमधून चार-पाच पायऱ्या चढाव्या लागत. ज्याचे पाय धड आहेत त्याला त्या पायऱ्या दिसतही नाहीत.

सोसायटीचे चेअरमन गहिनीनाथराव राहुरीच्या कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेले. अंगानं दणकट, मनानं मोकळे, कुणाच्याही अडीअडचणीला धावणारे. विजयमाला राहायला आली त्याच दिवशी त्यांनी पार्किंगमध्ये चार लोकांना गोळा केलं आणि म्हणाले, "ताई, पायऱ्यांची काळजीच सोडा. आम्ही आहोत. खुर्चीसकट उचलून ठेवू." त्यांनी व्हॉट्सअॅपवर ग्रुप काढला. सकाळी कोण, संध्याकाळी कोण, हे रोज ठरायचं. रविवारी स्वतः गहिनीनाथराव. वॉचमन आसाराम तर रोजचाच. तिला वर ठेवलं की कुणीतरी ग्रुपवर टाकायचं, 'ताई सुखरूप वर पोचल्या', आणि खाली जोडलेल्या हातांची रांग लागायची.

विजयमालाला सगळ्यांचं कौतुक वाटायचं. आणि रोज संध्याकाळी स्कूटी गेटमधून आत वळली की ती आधी पार्किंगमध्ये कोण कोण आहे ते मोजायची. कधी एकच माणूस हजर असायचा आणि दुसऱ्यासाठी थांबावं लागायचं. कधी उचलणाऱ्याच्या कपाळावर दिवसभराचा शीण दिसायचा आणि ती आपणहूनच, "दमलात का, सावकाश," असं म्हणायची. खुर्ची कलली की ती डोळे मिटून घ्यायची. तिनं दुपारनंतर चहा सोडला, पाणीही बेतानंच प्यायला लागली. कारण खाली थांबावं लागलं आणि लघवीला लागली तर काय, हे ती कुणाला सांगणार होती. रविवारी तिनं नदीकडं जाणं बंद केलं. नुसतं फिरायला जायचं म्हणून दोन माणसांना कसं बोलवायचं.

पावसाळा संपता संपता गोजरबाई चार दिवस राहायला आली. तिचेही गुडघे आता गेले होते, पण कठड्याला धरून ती चढायची. संध्याकाळी तिनं पार्किंगमध्ये उभं राहून बघितलं. गहिनीनाथरावांनी एका बाजूनं आणि आसारामनं दुसऱ्या बाजूनं खुर्ची उचलली आणि अलगद वर ठेवली. घरात आल्यावर गोजरबाई म्हणाली, "देवमानसं हायेत गं. अशी मानसं मिळायला नशीब लागतं."

"आहेतच," विजयमाला म्हणाली आणि कणीक मळायला घेतली.

"मग अशी का बसलीस?"

"कशी?"

"तोंड पाडून."

विजयमालानं कणकेला तेलाचा हात लावला. मग म्हणाली, "आई, मला उचललेलं नको वाटतं."

"आगं, मी न्हाई का उचलायचे? एवढी मोठी झाल्तीस तरी उचलायचे. मला कदी लाज वाटली न्हाई."

"तुला नसेल. मला वाटायची."

विजयमालाला वाटलं, आपण उगाच बोललो. पण आई भिंतीला टेकून आपल्याशीच बोलावं तसं बोलायला लागली.

"तू तिसरीत हुतीस. शाळंच्या अलीकडं वडाखाली आल्यावर म्हनलीस, आई, मला खाली ठिव. मी म्हनलं, का गं, अजून शाळा लांब हाय. तर म्हनलीस, पोरी बघत्यात. मी ठिवलं खाली. आन् तू हातावर, ढुंगनावर सरकत गेलीस त्या फुफाट्यातनं. परकर समदा मातीनं भरला. मी तितंच हुबी. लई रडले. तवा वाटलं, माजी पोर माज्या हातातनं सुटली." तिनं पदरानं तोंड पुसलं. "पन तू शाळंच्या दारात गेलीस आन् मागं वळून हसलीस. ते हसनं न्हाई इसरले मी."

विजयमालाला यातलं काही आठवत नव्हतं. तिनं मळलेल्या हातानंच आईचा हात धरला.

"तुला काय पायजे ते सांग त्यान्ला," गोजरबाई म्हणाली. "देवमानसं असली तरी त्यान्ला आपल्या मनातलं कसं कळनार?"

गोजरबाई गावी परतली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती संध्याकाळ आली. सोसायटीतल्या कुणाच्या तरी मुलीचं लग्न राहुरीला होतं आणि सगळी इमारत तिकडं गेली होती. विजयमाला कामावरून आली तेव्हा पार्किंगमध्ये एकटा आसाराम होता.

"ताई, बसा जरा," तो ओशाळून म्हणाला. "यकट्याला न्हाई जमायचं. येतीलच आता समदी."

ती बसली. उजेड कमी होत गेला. मरिया सिस्टरांचाही फोन लागेना, त्याही लग्नालाच गेल्या होत्या. लघवीची कळ यायला लागली. आणखी थोडा वेळ गेला आणि मग तिनं ठरवलं. खुर्ची पायरीशी लावली, ब्रेक ओढले, हातांवर भार देऊन ती खाली फरशीवर उतरली आणि पायऱ्यांकडं पाठ करून बसली. दोन्ही हात मागच्या पायरीवर टेकवून तिनं अंग वर ओढलं. मग हातानं एक पाय उचलून वर घेतला, मग दुसरा. खांद्यातून चमक निघाली. आसाराम धावला, तर ती म्हणाली, "मला हात लावू नका. तेवढी खुर्ची वर आणा."

ती मधल्या पायरीवर होती तेव्हा गाड्या आल्या. गहिनीनाथराव सगळ्यांत आधी उतरले. डोक्याला फेटा, हातात आहेराची पिशवी. ते पळतच आले. "ताई, हे काय करताय? एक फोन करायचा होता. आसाराम, तू बघत काय उभा राहिलास?"

"त्यांना मीच थांबवलं," विजयमाला म्हणाली. तिला धाप लागली होती. "थांबा भाऊ. दोनच राहिल्यात."

मागे नटूनथटून आलेली सगळी मंडळी उभी होती. ती उरलेल्या पायऱ्या चढली, खुर्चीचा आधार घेऊन वर बसली, ओढणीनं हात पुसले आणि लिफ्टमध्ये गेली.

थोड्या वेळानं बेल वाजली. दारात गहिनीनाथराव. फेटा काढलेला, चेहरा उतरलेला. ते आत येऊन सोफ्याच्या टोकावर बसले.

"आमचं काही चुकलं का? कुणी काही बोललं का तुम्हाला?"

"नाही हो."

"मग आम्ही उचलत होतो त्यात काय कमी होतं? मी तर म्हणायचो सगळ्यांना, आपल्या सोसायटीसारखी सोसायटी सापडणार नाही."

विजयमालानं फोनवर एखाद्या चिडलेल्या केंद्रचालकाचं ऐकून घ्यावं तसं त्यांचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "भाऊ, तुम्ही घरी येता तेव्हा कुणाची वाट बघता?"

"म्हणजे?"

"काही नाही, गेटमधून आत आलात की सरळ घरी जाता. मला माझ्या घरी जायला रोज दोन माणसं रिकामी असावी लागतात. ती चांगली माणसं आहेत म्हणून माझं चाललंय. पण चांगल्या माणसांनाही लग्नाला जावंसं वाटतं, ताप येतो, कंटाळा येतो. मी दुपारनंतर पाणी पीत नाही. का, ते आज तुम्ही बघितलं." तिनं खुर्ची त्यांच्याकडं नीट वळवली. "मला रॅम्प हवाय. तो कायद्यानंही असायला हवा. अपंगांच्या कायद्यात आहे, बांधकामाच्या नियमात आहे. पण मी आधी तुम्हाला सांगतेय."

गहिनीनाथरावांनी टेबलावरचा पाण्याचा तांब्या तिच्याकडं सरकवला. मग, "पाणी प्या आधी," एवढंच म्हणून उठून गेले.

मरिया सिस्टर रात्रीचा डबा घेऊन आल्या तेव्हा त्यांनी दुसरीच गोष्ट सांगितली. "अगं, रॅम्प होता की. नवी इमारत झाली तेव्हा होता. नगरपालिकेचे लोक बघून गेले आणि नंतर बिल्डरनं तो फोडला, मोटारसायकलींना जागा हवी म्हणून. आम्हाला सगळ्यांना बरंच वाटलं. मलाही. तेव्हा कुणाला लागत नव्हता ना."

रविवारी पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून मीटिंग झाली. विरोध केला तो तिसऱ्या मजल्यावरच्या अमृतनं. त्याचं मोबाईलचं दुकान होतं आणि दोन गाड्या जिन्यालगतच लागायच्या. तो वाईट माणूस नव्हता. उचलायच्या पाळीत तो कधी चुकला नव्हता. म्हणूनच त्याला राग आला होता. "आम्ही काय नाही म्हटलंय का कधी? एका माणसासाठी सगळ्यांची जागा अडवायची, हे मला पटत नाही."

"एका माणसासाठी नाही," मरिया सिस्टर म्हणाल्या. "माझ्या वयाला विचार. मी कठड्याला धरून किती दिवस चढणार आहे?"

एका सुनेनं बाबागाडीचं सांगितलं. एका आजोबांनी नुसती आपली काठी वर केली आणि लोक हसले. विजयमालाला मात्र हसू आलं नाही. ती म्हणाली, "बाकी कुणाला उपयोग झाला तर आनंदच आहे. पण समजा, कुणालाच झाला नाही आणि माझ्या एकटीसाठीच असला, तरी तो असायला हवा. मीही इथंच राहते, अमृत."

अमृत मान वळवून गाड्यांकडं बघत राहिला. ठराव झाला तेव्हा त्यानं हात वर केला नाही.

बिल्डर आधी फोन घेईना, मग म्हणाला, तेव्हाच हिशेब मिटलाय. गहिनीनाथराव आणि विजयमाला नगरपालिकेत गेले. तिथंही पायऱ्या होत्या, म्हणून विजयमाला खाली थांबली आणि गहिनीनाथराव वर जाऊन इंजिनिअरलाच खाली घेऊन आले. ते नंतर म्हणाले, आयुष्यात पहिल्यांदा मला त्या कचेरीच्या पायऱ्या दिसल्या. नोटीस गेली, दिवस गेले, दुसरी नोटीस गेली, तेव्हा कुठं बिल्डरनं गवंडी धाडले.

त्यांनी बांधलेला रॅम्प आखूड आणि उभा होता. जागा कमी जावी म्हणून अमृतनं तिथं उभं राहून तो तसा करून घेतला होता. सिमेंट वाळल्यावर विजयमालानं खुर्ची लावली. निम्म्यात जाऊन चाकं मागं फिरली आणि आसाराम मागे होता म्हणून ती पडली नाही.

"थोडा जोर लावला तर जमेल की," गहिनीनाथराव म्हणाले. महिनाभर खेटे घालून तेही थकले होते.

"चढताना जमेलही," ती म्हणाली. "पण उतरताना मी गेटमधून जी निघेन ती थेट नाशिक रोडला लागेन."

गहिनीनाथरावांना हसू फुटलं. मग ते गंभीर झाले. झालेलं काम फोडायचं म्हणजे लोक पुन्हा बोलणार, हे तिलाही दिसत होतं. एरवी ती गप्प बसली असती. आयुष्यभर ती जे मिळालं त्याला छान म्हणत आली होती. पण ती म्हणाली, "भाऊ, हा फोडावा लागेल."

"फोडू," ते म्हणाले.

दुसऱ्या वेळी इंजिनिअरनं स्वतः दोरी धरून आखून दिलं. रॅम्प लांब झाला, मध्ये वळला, कठडा आला, आणि त्याच्याखाली अमृतच्या एका गाडीची जागा गेली. पाणी मारायचं काम आसारामनं अंगावर घेतलं. सकाळ-संध्याकाळ पाइप घेऊन तो पिकाला द्यावं तसं पाणी देत होता.

ज्या दिवशी तो वापरायला मिळाला, त्या दिवशी गहिनीनाथरावांना नारळ फोडायचा होता. विजयमालानं नको म्हटलं. त्यांना थोडं वाईट वाटलं, पण त्यांनी ऐकलं. ती कामावरून आली, स्कूटी लावली, खुर्चीत बसली आणि निघाली. हात चाकांवर एका लयीत पडत होते. वळणावर ती जरा थांबली, दम घेतला, पुन्हा निघाली. वर लिफ्टशी पोचल्यावर तिनं बटण दाबलं आणि लिफ्ट खाली येईपर्यंत ती तिथं एकटीच होती. राहायला आल्यापासून पहिल्यांदाच ती लिफ्टपाशी एकटी होती. तिचे डोळे भरून आले आणि कुणी बघत नसल्यामुळं तिनं ते पुसलेही नाहीत.

अमृत त्यानंतर बरेच दिवस तिच्याशी तुटक बोलायचा. अजूनही पूर्वीसारखा मोकळा झालेला नाही. मात्र त्याचा गॅसचा सिलिंडर आणि दुकानातले खोके रॅम्पवरूनच वर जातात, आणि वाटेत समोरून विजयमाला आली तर तो ट्रॉली मागं घेऊन तिला वाट देतो.

आता संध्याकाळी विजयमाला कधी कोपऱ्यावर पेरू आणायला जाते, कधी मरिया सिस्टरांबरोबर चर्चच्या रस्त्यानं एक चक्कर मारून येते, कधी स्कूटी काढून नदीपर्यंत जाते. परवा अशीच खाली उतरली तर गहिनीनाथराव पार्किंगमध्ये पेपर वाचत बसले होते. सवयीनं ते उठायला गेले आणि निम्म्यातच पुन्हा बसले.

"कुठं निघालात, ताई?"

"कुठंच नाही. उगाच."

"बरं," ते म्हणाले, पाय आखडून घेतले, आणि पेपरचं पान उलटलं.